गळ्याची शप्पथ

मी आईची साडी पिळत होते, तेव्हा ती पहिल्यांदा दारात आली.

"आई आहे का घरात?"

मी वर बघितलंच नाय. साडी दोरीवर टाकली, दोन्ही टोकं ओढून सरळ केली आणि मग बघितलं. पोरगी होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असंल. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी, सँडल धुळीनं पांढरी झालेली. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. अशा पिना लावणारी बाई दारात आली की ती एकतर शाळेतली असती नायतर सर्व्हेवाली.

"पोलिओ का?"

"नाही."

"मग जनगणना?"

"नाही गं. मी कल्याणी माळगे. समाजकार्याच्या कॉलेजात शिकते. तुमच्या वस्तीत आठवड्यातनं दोनदा येणार आहे."

"येऊन काय करणार?"

"लोकांना भेटणार. बोलणार."

"त्याला कॉलेज लागतं?"

ती हसली. चिडंल असं वाटलं होतं, पण हसली. "लागतं की. बारावीनंतर तीन वर्षं बीएसडब्ल्यू, मग दोन वर्षं एमएसडब्ल्यू. माझं शेवटचं वर्ष आहे."

"पाच वर्षं? लोकांशी बोलायला? आमची शांतव्वाकाकू तिसरी नापास हाय, ती अख्ख्या वस्तीशी बोलती."

शेजारच्या उंबऱ्यावर शांतव्वाकाकू विड्या वळत बसली होती. हात न थांबवता ती ओरडली, "नापास कुणाला म्हणतीस गं भवाने? शाळा सोडली मी. नापास कुठं झाले?"

कल्याणी तिच्याकडं बघून पण हसली. मग परत माझ्याकडं. "तू कितवीला?"

"सोडली."

"का?"

"कंटाळा आला. तुला नाय का येत पाच वर्षं?"

"येतो कधी कधी. आई कधी भेटंल?"

"आत्ताच बाहेर गेली. सांगता येत नाय."

तिनं दोरीवरच्या साडीकडं बघितलं. हिरवी, लाल काठाची. पाणी टपकत होतं. "बरं. परत येते," म्हणाली आणि गेली.

ती साडी कुणी नेसलेलीच नव्हती. आईच्या दोन साड्या घरात राहिल्या होत्या, हिरवी आणि एक जांभळी. रोज सकाळी मी त्यातली एक कोरडीच बादलीत बुडवायची, पिळायची आणि सगळ्यांना दिसंल अशी बाहेरच्या दोरीवर टाकायची. संध्याकाळी घडी करून पेटीत. आई पावसाळ्याच्या आधी हैदराबादला बहिणीकडं जाते म्हणून गेली होती. दिवाळी होऊन गेली तरी आली नव्हती. फोन लावला की बाई बोलायची, हा नंबर अस्तित्वात नाही. बाप तर त्याच्या आधीच कधीतरी भिवंडीला गेला होता, तो गेलाच.

घरात आम्ही तिघं. मी पंधराची, सिरी नऊ वर्षांची आणि व्यंकी पाच. मी आईच्या नावावर विड्या वळायची. आईच्या गुडघ्याला वात आलाय, तिला कारखान्यापर्यंत चालवत नाय, असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळं शांतव्वाकाकू तिच्या विड्यांबरोबर आमच्या पण कारखान्यात नेऊन द्यायची आणि येताना पान-तंबाखू घेऊन यायची. कधी काय विचारलं नाय तिनं.

सिरीला मी पढवून ठेवलं होतं. शाळेत आईबद्दल विचारलं तर सांगायचं, दवाखान्यात गेली. दुसऱ्यांदा विचारलं तर, देवाला गेली. कारण मला माहीत होतं काय होतं ते. आमच्या मागच्या गल्लीत दोन भाऊ होते, त्यांची आजी मेली आणि बालगृहाची गाडी आली. एक एका गावाला गेला, एक दुसऱ्या. परत कुणी त्यांना एकत्र बघितलं नाय.

कल्याणी येत राहिली. मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीच्या दारांत पण जायची, पण आमच्या उंबऱ्यावर जास्त बसायची. मी हाकलायचे, तरी बसायची.

"तुझी आई नेहमी आत्ताच कशी काय बाहेर जाते गं?"

"तू येतीस म्हणून. तिला पिनवाल्या बायका आवडत नायत."

पुढच्या वेळी ती पिना न लावता आली. ओढणी सारखी घसरायची आणि ती सारखी वर घ्यायची. मला हसू आवरंना.

एकदा म्हणाली, मला पण शिकव विडी वळायला. मी भिजवलेलं पान दिलं, साचा दिला, कात्री दिली. तिची विडी अशी झाली, मधी फुगलेली आणि टोकाला उघडी. व्यंकी ती नाकाला लावून पिपाणी वाजवत फिरला.

"पाच वर्षं शिकून ही विडी?" मी म्हणाले.

"विडीचा विषय नव्हता आम्हाला."

"मग काय होतं?"

"ऐकायचं कसं ते असतं. मानसशास्त्र असतं. कायदे असतात. आणि काय बोलायचं नाही, तेही असतं." ती पानाचे तुकडे गोळा करत होती. "तुला जमंल भाग्या. तुझी नजर चांगली आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरनंच दहावी देता येते, माहितीय?"

माझं डोकं फिरलं. का ते तेव्हा कळलं नाय. "मला कशाला पाहिजे? तू तुझी परीक्षा बघ. माझ्यावर मार्क मिळवायला येतीस, मला काय कळत नाय का? इथनं गेल्यावर कोपऱ्यावर उभी राहून लिहितीस सगळं, मी बघितलंय."

तिचा चेहरा उतरला. "लिहावं लागतं. पण तू सांगितलंस तर नाही लिहिणार."

"नको लिहू."

"नाही लिहिणार."

तेव्हा मला वाटलं, हिच्याकडनं शब्द काढून घेता येतो. जे म्हणंल त्याला हो म्हणती.

मग व्यंकीचा खोकला वाढला. आधीपासनंच होता, घरभर तंबाखूचा भुगा, पोरगा त्यातच झोपायचा. मी रात्री त्याच्या तोंडावर ओला फडका टाकायची. पण त्या शुक्रवारी दुपारी त्याच्या छातीतनं शिट्टी वाजायला लागली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधी खड्डा पडत होता. ओठ निळसर. सिरी कोपऱ्यात बसून रडत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते. रडून काय होणार होतं?

कल्याणी दारात आली, बघितलं आणि पिशवी खाली टाकली.

"केव्हापासनं असं?"

"सकाळी."

"आईला बोलव. सिव्हिलला न्यायला पाहिजे. भरती करायला मोठं माणूस लागतं."

"मी हाय की मोठी."

"भाग्या, आईला बोलव."

"मी नेते ना! रिक्षा आण फक्त."

ती माझ्यापुढं उकिडवी बसली. हळू आवाजात म्हणाली, "आई कुठंय?"

व्यंकीच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती.

"मला सांग. मी कुणाला सांगणार नाही."

"खोटं."

"खरंच."

"गळ्याची शप्पथ घे."

आमच्यात गळ्याची शप्पथ म्हणजे शेवटची. देवाची मोडली तर देव माफ करतो, आईची मोडली तर आई. गळ्याची मोडली तर आपलाच जीव जातो, असं आम्ही लहानपणापासनं मानायचो. तिनं उजव्या हातानं स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली, आमच्यासारखीच. मंगळवेढ्याची होती ती, तिकडं पण असंच असणार.

"गळ्याची शप्पथ. कुणाला नाही सांगणार."

मी सांगितलं. सगळं. हैदराबाद, फोन, साडी, सिरीची दवाखाना-देवळाची उत्तरं. सांगताना मी रडले नाय. सांगून झाल्यावर व्यंकीला तिनंच उचललं.

सिव्हिलमधी तिनं सही केली. नातं विचारलं तेव्हा मावशी म्हणाली. व्यंकीच्या तोंडाला मास्क लावला, त्यातनं धूर आला आणि थोड्या वेळानं शिट्टी बारीक होत गेली. मी भिंतीला टेकून खाली बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला झोप आली, तिथंच, लोकांच्या पायांत. डोकं तिच्या खांद्यावर होतं.

व्यंकीला घरी सोडलं. पुढचा मंगळवार आला, ती आली नाय.

शुक्रवारी आली. पिना लावून आली. उंबऱ्यावर बसली नाय, उभी राहिली. मी पानं भिजवत होते. तिच्या डोळ्यांकडं बघूनच मला कळलं.

"मी आमच्या कॉलेजच्या मॅडमना सांगितलं," ती म्हणाली.

मी पानांचं भगुलं जवळ ओढलं.

"डॉक्टर म्हणाले, व्यंकी या घरात राहिला तर पुढच्या वेळी वेळेवर आणलात तरी सांगता येणार नाही. मी चार दिवस विचार केला. मॅडमनी बाल कल्याण समितीला कळवलंय. दुपारनंतर लोक येतील. मी आधी आले, कारण..."

पानांचं भगुलं माझ्या हातातच होतं. मी ते तिच्यावर रिकामं केलं. लाल पाणी, पानं, सगळं. डोक्यावरनं ओघळलं, ओढणीवर, ओळखपत्रावर.

"शप्पथ घेतलीस तू! गळ्याची घेतलीस!"

"घेतली."

"मग मर की! मरत का नायस?"

ती पाणी पुसत नव्हती. केसाला एक पान चिकटलं होतं, ते पण काढलं नाय. "घ्यायलाच नको होती. पहिल्या वर्षी शिकवतात आम्हाला ते. असा शब्द कधीच द्यायचा नाही. मला पाठ होतं. तुझ्यापुढं बसले आणि विसरले."

"विसरली? आमचं वाटोळं करून विसरली म्हणतीस?"

"मॅडमना पण सांगितलं, शप्पथ घेतली म्हणून. भाग्या, मला शिव्या दे. पण ऐक..."

मी दार धाडकन लावलं.

आत मी पिशवीत कपडे कोंबायला लागले. सिरीचा फ्रॉक, व्यंकीचं औषध, हिरवी साडी. जांभळी दोरीवर होती, राहू दे म्हटलं. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. एसटी स्टँडवर जायचं, मग जी लागंल ती गाडी. सिरी म्हणाली, "अक्का, ताई अजून बाहेरच हाय." मी आतनंच ओरडले, "गेलीस का?"

"नाही," बाहेरनं आवाज आला.

मागच्या दारानं निघाले. व्यंकी कडेवर, सिरी हाताला. शांतव्वाकाकूच्या मागच्या अंगणातनं जायला लागतं. ती तिथं राख लावून भांडी घासत होती. मी म्हणाले, "काकू, आई आली तर सांग, आम्ही गावाला गेलोय."

"कुठली आई?"

"माझी. आत्ता बाजारातनं येईल ना..."

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, तसं तिनं आधी कधी बघितलं नव्हतं. "अगं पोरी. रोज कोरडी साडी भिजवतीस. ना काठाला चिखल, ना पदराला हळद. आम्हाला दिसत नाय का?"

माझ्या हातातनं पिशवी खाली आली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत हाय. कारखान्यातल्या चेकरला सुद्धा. तुझी विडी आईपेक्षा बारीक येती."

"मग बोलली का नाय कुणी?"

"काय बोलायचं? तू झाकत होतीस, आम्ही पण झाकलं. पोरीची जात, घरात मोठं कुणी नाय, चार लोकांत बोभाटा झाला असता तर तुझंच नाव गेलं असतं." ती परत ताट घासायला लागली. तिचा आवाज मऊ होता. "जिभेवर तुझं नाव येऊ दिलं नाय बघ कुणी. एवढ्या महिन्यांत एकानं सुद्धा नाय."

ती खरं बोलत होती. एकानं सुद्धा नाय. मला दोरीवरच्या त्या साड्या दिसायला लागल्या, हिरवी, जांभळी, हिरवी, जांभळी, आणि त्यांच्याखालनं वाकून जाणारी सगळी वस्ती. रोज. सगळ्यांना माहीत.

व्यंकी माझ्या खांद्यावर खोकला. तोंड माझ्या मानेत खुपसून खोकला, त्याचा गरम श्वास मला लागला. भिंतीपलीकडनं शांतव्वाकाकूच्या सुनेनं ऐकलंच असणार. रोज रात्री पण ऐकत असणार.

मी परत फिरले. पिशवी तिथंच राहिली, सिरीनं उचलली. घरात आले, पुढचं दार उघडलं. कल्याणी उंबऱ्यावर बसली होती. कपडे अंगावरच वाळत होते, लाल डागांचे. मी तिच्याशी बोलले नाय. आत पण ये म्हणाले नाय. तिच्याकडं पाठ करून बसले आणि व्यंकीला मांडीवर घेतलं. ती लोकं येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो, ती बाहेर तोंड करून आणि मी आत.

समितीपुढं मी बोलले, खूप बोलले, टेबलावर हात आपटला. त्या ऑफिसातल्या मॅडम वाईट नव्हत्या. तरी जे होणार होतं तेच झालं. मुलींचं बालगृह वेगळं, मुलांचं वेगळं. सिरी माझ्याबरोबर, व्यंकी दुसरीकडं. गाडीत बसताना त्यानं माझी ओढणी धरून ठेवली होती. त्याची बोटं एक एक करून मीच सोडवली.

आई पुढं सापडली. ते मी सांगणार नाय.

व्यंकीचा खोकला उन्हाळ्यापर्यंत गेला. गाल भरले. पण महिनाभर तो मला भेटायला आणला की माझ्याशी बोलायचा नाय, काळजीवाहक बाईचा पदर धरून उभा राहायचा. कल्याणीताई दर रविवारी यायची. तिचं कॉलेज संपलं, दुसरीकडं नोकरी लागली, तरी यायची. मी पाठ करून बसायची. ती सिरीच्या वेण्या घालायची, थोडा वेळ बसायची आणि जायची. एकदा जाताना तिनं सतरा नंबरचा फॉर्म खिडकीत ठेवला. मी फाडला. पुढच्या रविवारी तिनं दुसरा ठेवला, काय न बोलता.

आज मी एकोणीसची हाय. बीएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला. दोनदा सोडून निघाले होते. एकदा एक सर 'दुर्बल घटक' म्हणून शिकवताना सारखे माझ्याकडंच बघत होते, तेव्हा वही बंद करून वर्गातनं उठून गेले. पण परत आले. का ते मला नीट सांगता येत नाय.

मागच्या महिन्यात मला क्षेत्रकार्याला वस्ती मिळाली. आमची नाय, दुसरी. तिथं रोजा म्हणून पोरगी हाय, अकरा-बारा वर्षांची. एवढ्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालती आणि बाह्या मुठीत धरून ठेवती. मी विचारलं नाय. तिच्याबरोबर सागरगोटे खेळले. ती डाव्या हातानं खेळायची, आणि डावखुरी नव्हती.

परवा तिनं खेळता खेळता एकदम म्हटलं, "ताई, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाय."

मी हातातले सागरगोटे खाली ठेवले.

"गळ्याची शप्पथ घे आधी."

माझा हात आपोआप वर गेला. खरंच गेला, गळ्यापर्यंत गेला. एवढंच करायचं होतं. चिमटी धरायची, आणि तिनं सगळं सांगितलं असतं. मला माहीत होतं, कारण मी सांगितलं होतं.

मी हात खाली घेतला.

"शप्पथ नाय घेत," मी म्हणाले. "तू सांगशील त्यातलं काय काय मला दुसऱ्याला सांगायला लागंल. पण कुणाला सांगणार आणि कशासाठी, ते आधी तुला सांगीन. तुझ्या मागनं नाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी त्या दिवशी कल्याणीताईकडं बघितलं होतं तसंच.

"मग नाय सांगत," म्हणाली. सागरगोटे उचलले, घरात गेली आणि दार लावलं. आतनं कडी घातल्याचा आवाज आला.

आमच्या सरांनी वर्गात हे शिकवलंय, खोटा शब्द द्यायचा नाय म्हणून. नाय दिला आणि पोरगी आत गेली, तर पुढं काय, ते शिकवलेलं नाय. मी उठले. बस पकडायची होती. चार पावलं गेले आणि मागं बघितलं, बंद दार, दोरीवर तिचा एकच शर्ट, पूर्ण बाह्यांचा. परत आले आणि त्यांच्या उंबऱ्यावर बसले. शेजारची बाई म्हणाली, "काय गं, ऊन लागंल." मी नुसती मान हलवली. ऊन सरकत पायावर आलं, मग गुडघ्यावर.

खूप वेळानं दाराच्या पलीकडनं आवाज आला.

"गेलीस का?"

"नाय," मी म्हणाले.